कोडिंगचा क्लास लावावा की घरीच शिकू द्यावं?

भाचा सातवीत आहे. त्याच्या ऑनलाइन क्लासचा डेमो मी मागे बसून बघितला. स्क्रॅचमधलं (टाइप न करता, ब्लॉक जोडून कोडिंग शिकवणारं सॉफ्टवेअर) मांजर भिंतीला आपटून परत फिरलं की डोकं खाली, पाय वर. "असं का होतंय?" असं तो विचारतोय तोवर बाईंनी स्क्रीनचा ताबा घेतला, एक ब्लॉक टाकला, "बघ, झालं!" मग उरलेला वेळ आम्हाला वर्षभराच्या फीचं पॅकेज समजावण्यात गेला. दुसऱ्या दिवशी घरी त्याने तीच गडबड पुन्हा केली. फिरण्याची पद्धत फक्त डावी-उजवी ठेवायची असते, हे सापडायला त्याला अर्धा तास लागला. माझ्या लेखी खरा धडा तोच झाला.

तरी क्लासच्या बाजूनेही बोलायला हवं. ठरलेली वेळ असते, अडलं तर विचारायला माणूस असतं. एकट्याने शिकणारी बरीच मुलं दोन आठवड्यांत कंटाळतात. नोकरीवरून थकून आलेल्या आईबाबांना हे मोलाचं वाटणारच. फक्त पैसे महिन्याच्या महिन्याला भरा, वर्षाचे एकदम नाही. डेमोत माऊस कोणाच्या हातात आहे ते बघा. 'मुलाने ॲप बनवलं' या सर्टिफिकेटला भुलू नका. त्यातला एखादा रंग किंवा आकडा त्याला बदलायला सांगा, लगेच कळेल.

गल्लीतल्या क्लासची फी सहसा कमी, शिवाय मित्र सोबत. पण एका कॉम्प्युटरवर किती मुलं बसतात ते आधी विचारा. कोडिंगच्या नावाखाली टायपिंग आणि एक्सेल तर नाही ना, हेही.

फुकटात काय मिळतं? अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ मध्ये आणलेलं स्क्रॅच, कोड डॉट ऑर्ग ही वेबसाइट, आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल म्हणजे बोलून शिकवणारे व्हिडिओ (मराठीतही आहेत). स्क्रॅचला बाळबोध म्हणणाऱ्यांसाठी: हार्वर्डच्या सीएस५० या कॉम्प्युटर सायन्सच्या कोर्सची सुरुवातही स्क्रॅचनेच होते, मग सी ही भाषा. हे सगळं लॅपटॉपवर नीट होतं. मोबाइलवर पायथन (टाइप करून लिहायची कोडिंगची भाषा) टाइप करायला बसवलं तर मुलगा दोन दिवसांत पळून जाईल.

सहावी ते आठवीला मी घरचाच पर्याय निवडेन. नववीपुढे मात्र आधी बोर्ड बघा. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथन आहे. ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिक. राज्य मंडळाचा कॉम्प्युटर सायन्स हा २०० गुणांचा बायफोकल विषय (दुसरी भाषा आणि आणखी एका विषयाऐवजी घेता येणारा) आजवर सी प्लस प्लस, एचटीएमएल आणि चक्क ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसर चिपवर चालत आलाय. तिथे पायथनचा महागडा क्लास गुणांना थेट उपयोगी पडत नाही. जेईई किंवा सीईटीत कोडिंगचा प्रश्नच नसतो, त्यामुळे 'आत्ता नाही तर कधीच नाही' ही भीती सोडा. गणितात रमणारं मूल असेल तर झोनल इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाड या शाळकरी मुलांच्या कॉम्प्युटर-स्पर्धेचे जुने पेपर द्या. कागद-पेन्सिलीवर सोडवायचे असतात, कॉम्प्युटर लागतच नाही.

आम्ही क्लास लावला नाही. दर रविवारी एक तास, शेजारचा इंजिनिअरिंगचा दादा बाजूला बसतो. माऊसला हात लावायचा नाही, एवढीच अट. मांजर आता सरळ चालतंय. उंदीर मात्र भिंतीतून आरपार जातो, त्यात दोन रविवार गेलेत.