लेचवर्थ की वॉटकिन्स ग्लेन: तंबू कुठे ठोकायचा?

न्यू जर्सीकडून धबधब्यांजवळ तंबूत राहायला निघालेल्या कुटुंबांची यादी शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या या दोन स्टेट पार्कांवर येऊन थांबते. नुसते फोटो बघून ठरवायचं असेल, तर लेचवर्थ सहज जिंकतं. जेनेसी नदीची घळ काही ठिकाणी साडेपाचशे फूट खोल आहे, पार्क १७ मैल लांब पसरलंय आणि मधला धबधबा १०७ फुटांचा आहे. वॉटकिन्स ग्लेनचे १९ धबधबे त्यापुढे लहानसेच. न्यू जर्सीतल्या एडिसनहून वॉटकिन्स ग्लेन साधारण चार-सव्वाचार तासांवर आहे, लेचवर्थला आणखी तासभर धरा.

लेचवर्थची अडचण फोटोत दिसत नाही. कॅम्पग्राउंड, म्हणजे हायबँक्स, पार्कच्या उत्तर टोकाला आणि तिन्ही मोठे धबधबे दक्षिणेला, पोर्टेजविलजवळ. मधलं अंतर गाडीनं अर्ध्या तासाच्या आसपास. ऐकायला हे फार वाटत नाही. पण एकदा सकाळी धबधब्यांकडे गेलं की दुपारच्या जेवणाला तंबूकडे परतणं जिवावर येतं. म्हणून डबे भरून न्यायचे, कूलर सोबत घ्यायचा (मागे ठेवला तर रॅकून झाकण उघडतात), धाकट्याचे जास्तीचे कपडे, छत्र्या, सगळंच डिकीत. त्यात एखादं मूल दुपारी पेंगुळलं तर सगळ्यांनाच परत फिरावं लागतं, कारण गाडी एकच. दिवसभर ये-जा आणि अंधारात कांदा चिरणं, हे दोन दिवस झालं की तंबूत राहायला आलो की गाडीत, असा प्रश्न पडतो.

वॉटकिन्स ग्लेनचं सिक्स नेशन्स कॅम्पग्राउंड घळीच्या वरच्या अंगाला आहे आणि तिथून घळीत पायवाटेनं उतरता येतं. आईनं थकलेल्या मुलाला घेऊन तंबूकडे परतावं, बाबांनी मोठ्या मुलाबरोबर पुढे जावं, हे तिथे विनासायास जमतं. आमचं पारडं झुकलं ते एवढ्याचमुळे. बाकीचे मुद्दे इकडचे-तिकडचे आहेत.

अर्थात घळीतली वाट सोपी नाही. दीड मैलात ८३२ दगडी पायऱ्या आहेत आणि कॅव्हर्न कॅस्केड या धबधब्याच्या तर पाण्यामागून जावं लागतं, त्यामुळे दगड कायम ओले. चपला-फ्लिपफ्लॉप नकोत, तळव्याला पकड असलेले बूट हवेत. स्ट्रोलर चालत नाही. लहान बाळ पाठीवरच्या कॅरियरमध्ये घ्या. कुत्र्यांना या वाटेवर बंदी आहे. उन्हाळ्यात वरच्या प्रवेशद्वारापर्यंत शटल मिळते (चालू आहे का ते आधी बघा). तिनं वर जाऊन खाली उतरत यावं, म्हणजे गुडघे कमी कुरकुरतात. दहानंतर अरुंद जागी रांगा लागतात, म्हणून नऊच्या आत निघा. मुसळधार पाऊस झाला तर वाट बंद करतात, आणि हिवाळ्यात ती बंदच असते.

आजी-आजोबांचे गुडघे दुखत असतील तर मात्र लेचवर्थचा विचार नक्की करा. तिथे गाडी लावून चार पावलांवर कठड्यापाशी उभं राहिलं की घळ समोर. खालच्या धबधब्याला शंभरावर पायऱ्या आहेत, तो सोडून दिला तरी चालतो. शिवाय हायबँक्सच्या बहुतेक जागांना वीज असल्यामुळे राइस कुकर आणि गादीत हवा भरायचा पंप बिनधास्त चालतो. सिक्स नेशन्समध्ये विजेच्या जागा थोड्याच आहेत आणि त्या आधी संपतात. तिथे दोन बर्नरची प्रोपेन शेगडी धरून चाला. दोन्ही बर्नर मोठे ठेवले तर एक हिरवं छोटं सिलिंडर तासाभरातच संपतं, म्हणून चार जणांना दोन दिवसांसाठी तीन घ्या. वाऱ्याला आडोसा नसेल तर कुकरला शिट्टी यायलाच इतका वेळ लागतो, की खिचडीचा बेत पोह्यांवर येतो.

आसपासच्या ठिकाणांत फार फरक नाही. वॉटकिन्सला सेनेका तळ्याचा धक्का गावातच आहे, कॉर्निंगचं काचेचं म्युझियम अर्ध्या तासावर (पावसाच्या दिवशी हेच वाचवतं), आणि टॉगॅनॉकचा २१५ फुटी धबधबा इथाकाच्या वाटेवर. लेचवर्थहून नायगारा मात्र खूपच जवळ, दीडेक तासावर. नायगारा अजून बघायचा राहिला असेल तर हा मुद्दा जड आहे. वॉटकिन्सहून त्याला अडीच तास लागतात आणि संपूर्ण दिवस जातो.

वॉटकिन्स ठरलं तर आधी तिथल्या मोटार शर्यतींच्या रेसट्रॅकचं वेळापत्रक बघा. मोठ्या शर्यतीच्या शनिवार-रविवारी इंजिनांचा आवाज आणि गर्दी दोन्ही असतात. तंबूखालची ताडपत्री तंबूबाहेर दिसू देऊ नका, कडा आत दुमडा. बाहेर राहिलेल्या कडेवर पडलेलं पाणी ओघळून तंबूखाली येतं आणि पहाटे पाठ ओली होते. जळाऊ लाकूड न्यू जर्सीतून नेऊ नका. किडींचा प्रसार रोखण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये बाहेरून उष्णता-प्रक्रिया न केलेलं लाकूड आणायला बंदी आहे, आणि राज्यातलंही पन्नास मैलांपलीकडे नेता येत नाही. कॅम्पग्राउंडजवळच विकत घ्या.

बुकिंग नऊ महिने आधी उघडतं. जुलैची चांगली जागा हवी असेल तर ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या खरेदीच्या गडबडीतच, ती धरावी लागेल.