चोवीस तासांची बाई की फक्त मालिशवाली?

सातवा लागला की घरात दोन विषय निघतात. डोहाळजेवणाला किती पानं, आणि बाळ-बाळंतिणीचं करायला बाई कोणती. पहिल्याचं सासूबाई बघून घेतात. दुसऱ्याचं आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि वेळेत ठरवावं लागतं, कारण ठाण्यात हाताला चांगल्या असलेल्या मालिशवाल्यांकडे दोन-दोन महिने आधी नंबर लागलेले असतात.

माझ्या बाबतीत एकाच बाळावर दोन्ही प्रयोग झाले. आम्ही पाचपाखाडीत राहतो, दोन खोल्या आणि हॉल. जूनमध्ये सिझर झालं. पहिले तीन आठवडे एजन्सीची चोवीस तासांची बाई होती. तिला निरोप दिला आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत फक्त मालिशवाल्या मावशी, रोज सकाळी दोन तास. हाताशी आई होती, हे आधीच सांगते. ती नसती तर हा लेख कदाचित उलटा झाला असता.

पैशांचं थोडक्यात सांगते. चोवीस तासांच्या बाईचे एका महिन्याचे आणि वर एजन्सीचं कमिशन एवढ्या रकमेत मालिशवाल्या मावशींचे जवळजवळ तीन महिने निघाले. शिवाय राहणाऱ्या बाईचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण. ती बाळ-बाळंतिणीचं करते, घरचा स्वयंपाक करत नाही. म्हणजे माझ्या आईला एक पान जास्त वाढायचं काम लागलं. पण पैशांवरून मी ठरवलं नाही.

ठरवलं ते ट्यूबलाइटवरून.

एजन्सीच्या ताई परभणीकडच्या, स्वच्छ, कामाला चपळ. खोट काढायला जागा नव्हती. पण रात्री बाळ जरा कुरकुरलं की उठायच्या आणि आधी खटकन ट्यूब लावायच्या. आमची ट्यूब जुनी, दोनदा डोळे मिचकावून मग लख्ख पेटणारी. तेवढ्यात अर्धवट झोपेतलं बाळ टक्क जागं व्हायचं, मी जागी व्हायचे, हॉलमध्ये आई जागी व्हायची. मग लंगोट बदलायचा, मग ताई त्याच्याशी गप्पा मारायच्या, 'कोण आलं, कोण आलं?' पहाटे तीनला कोण येणार? मी म्हटलं, ताई, मोबाइलच्या उजेडात करा. म्हणाल्या, 'मला दिसत नाही, बाळाला पिन लागेल.' पिनेचे लंगोट बदलून वेलक्रोचे आणले. तरी ट्यूब. बेडलॅम्प लावून बघितला, त्याचा उजेड नेमका माझ्या डोळ्यांवर. अठराव्या रात्री मी पलंगावर बसून चक्क रडले. नवऱ्याला वाटलं टाके दुखतायत.

एका दिव्यावरून एवढं? मलाही तेव्हा असंच वाटलं होतं. पण त्या निमित्ताने एक गोष्ट ध्यानात आली. अंगावर पाजणाऱ्या बाईला रात्री उठण्यापासून सुटका नसते. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, म्हणजे दर दोन-तीन तासांनी मी उठणारच. बाई शेजारी असो नसो. मग रात्रीच्या बाईकडे उरतं काय? लंगोट बदलणं आणि ढेकर काढणं. तेवढं कुशीवर पडल्या पडल्या, अंधारात, मी आणि नवरा करू शकत होतो. त्यासाठी तिसरं माणूस, चौथी चादर आणि ट्यूब कशाला?

आता त्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. सिझरनंतरचा पहिला आठवडा त्या नसत्या तर कठीण होतं. आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, मग हाताच्या जोरावर उठायचं, हे त्यांनी शिकवलं. आठवड्याच्या आत बाळाचं वजन उतरलं तेव्हा शेजारणी 'दूध पुरत नाही वाटतं' म्हणून वरच्या दुधाचा आग्रह धरत होत्या, तेव्हा ताईच ठाम उभ्या राहिल्या. आमच्या बालरोगतज्ज्ञांनीही तेच सांगितलं: पहिल्या काही दिवसांत सात-आठ टक्के वजन उतरणं नेहमीचं आहे, दोनेक आठवड्यांत भरून येतं, आणि पाचव्या दिवसापासून बाळ दिवसाला सहा वेळा किंवा जास्त शू करत असेल तर दूध पोचतंय.

फक्त त्या सारखं म्हणायच्या, 'तुम्ही झोपा, मी बघते.' ऐकायला किती गोड. पण तीन आठवड्यांनी त्या गेल्या त्या सकाळी मला कळलं, की माझ्या पोराला मी एकदाही स्वतः आंघोळ घातलेली नाही. मान कुठे धरायची तेही नीट ठाऊक नव्हतं.

मावशी आल्या लोकमान्यनगरहून, साठीच्या पुढच्या, मला पहिल्या दिवसापासून 'पोरी' म्हणणाऱ्या. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवायच्या, पाण्यात कोपर बुडवून बघायच्या, मग पाटावर पाय लांब करून बसायच्या आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालायच्या. पाणी ओतताना त्यांचा डावा हात बाळाच्या कपाळावर आडवा, पागोळीसारखा, डोळ्यांत थेंब जाणार नाही असा. चौथ्या दिवशी म्हणाल्या, 'बघत काय बसतेस, खाली ये.' टाके सांभाळत मी स्टुलावर बसले, त्यांनी माझा हात घेऊन त्याच्या मानेखाली ठेवला. दोन आठवड्यांत मला येऊ लागलं. ही कमाई मी पगारात धरत नाही, पण तुलनेत धरते.

माझी मालिश त्या आधी हातापायांची आणि पाठीची करायच्या. सिझर असेल तर पोटाला डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत हात लावू देऊ नका, मालिशवाली कितीही अनुभवी असो. मावशींना ते पटलं, जरा नाराजीनेच.

नाराजीवरून आठवलं. बाई कोणतीही ठेवा, काही वाद होणारच. ताईंना काजळ हवं होतं, मावशींना बाळगुटी आणि धुरी. दोघींनाही कानानाकात तेलाचे दोन थेंब. आईने मधाचं बोट चाटवायचं मनात धरलं होतं ते वेगळंच. मी शेवटी कागदावर लिहून फ्रिजवर लावलं: कानानाकात तेल नाही, काजळ नाही, पावडर नाही, सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज मध, गुटी, पाणी काही नाही, नाळ पडेपर्यंत बेंबी कोरडी. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, हे आईसाठी अधोरेखित केलं. खाली बालरोगतज्ज्ञांचं नाव घातलं, म्हणजे सून-लेक वाईट ठरत नाही. धुरीवर तोडगा असा निघाला की ओवा, वेखंड, बाळंतशेपा शेगडीवर घालून मावशी बाल्कनीत माझे केस धुरवायच्या, आणि बाळ आत, दार लावून. लसीच्या दिवशी मालिशला सुट्टी.

मालिशवालीचा तोटा एकच, पण मोठा: ती न येण्याचे दिवस. जुलैत वंदना टॉकीजपाशी पाणी भरलं की मावशींची बस अडकायची, साडेनऊची बाई बाराला, किंवा नाहीच. गणपतीत तर आठ दिवस गावी. कोकणातल्या मावशी ठेवायच्या आणि गणपतीत येतील अशी आशा धरायची, हे काही खरं नाही. त्या आठ दिवसांत मी आणि आईने मिळून आंघोळ घातली. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला, आठव्या दिवशी वीस मिनिटं. ताईंचा असा खाडा कधी झाला नाही, हे कबूल. राहत्या बाईला पावसाचं काय?

म्हणून जुळी असतील, बाळ बाटलीवर असेल, घरात आई-सासू कुणी येणार नसेल किंवा नवऱ्याची रात्रपाळी असेल, तर चोवीस तासांची बाई ठेवा, माझं ऐकू नका. आमच्याच मजल्यावर जुळ्यांची आई आहे, तिने दोन महिने बाई ठेवली आणि तिचं अगदी बरोबर होतं. पण एकच बाळ, अंगावरचं दूध, घरात एक जाणतं माणूस आणि नोकरीत सव्वीस आठवड्यांची पगारी रजा, असं असेल तर मला वाटतं मालिशवाली पुरते. पहिल्या आठ-दहा दिवसांची धास्ती असेल, विशेषतः सिझर ठरलेलं असेल, तर एजन्सीला तेवढ्याच दिवसांचं विचारून बघा. आमची एजन्सी महिन्याखाली तयार नव्हती, उरलेल्या दिवसांचे पैसे बुडाले. तेवढं कागदावर आधी वाचून घ्या.

चोवीस तासांचीच ठरवली तर पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का ते बघालच. मी आणखी तीन गोष्टी विचारल्या असत्या. आधीचं घर सोडून किती दिवस झाले आणि तिथे कुणाला खोकला-ताप होता का. ती सुट्टीवर गेली तर बदली कोण येणार, आणि तिला आधी बघता येईल का. आणि रात्री किती उजेडात काम जमतं. तिसरा प्रश्न ऐकून एजन्सीवाले हसतील. हसू द्या.

डिंक, अळीव, बाळंतशेपा आणायला आठव्या महिन्यात जांभळी नाक्याला जालच. त्याच फेरीत विजेच्या दुकानातून झिरोचा बल्ब घेऊन या, पलंगापासून लांबच्या कोपऱ्यात लावायला. आम्ही तो ताई गेल्यावर आणला, तोही लाल मिळाला. नवरा म्हणाला, देवघरात झोपल्यासारखं वाटतंय. बाळ मात्र त्या रात्री दोनदा प्यायलं आणि दोन्ही वेळा डोळे न उघडता परत झोपलं.