मेलमन ३ दीड वर्ष वापरून : सॉफ्टवेअर चांगलंय, पण मेल पोचवायचं आपल्याच गळ्यात

आमच्या पॉलिटेक्निकच्या माजी विद्यार्थ्यांची मेलिंग लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्या मेंबरना मेल जातो, २००७ पासून चालूय, अकराशेच्या आसपास मेंबर, निम्मे पुण्यात, काही गल्फात, बाकीचे लातूर, उदगीर, अंबाजोगाई, नांदेड, परभणी असे विखुरलेले. व्हॉट्सअॅप असताना हे कशाला असं नवीन पोरं विचारतात. एक तर तिथं ग्रुपमध्ये १०२४ च्या वर माणूस बसत नाही, आणि दुसरं म्हणजे २००९ ला कुणीतरी स्टार्टरच्या वायरिंगवर लिहिलेला मेल मला आजही दोन मिनिटात सापडतो. २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती ना, त्या उन्हाळ्यातल्या बोअर, टाक्या, टँकरच्या मेलांचा अख्खा गठ्ठा अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या मेलांच्या साठ्यात, जसाच्या तसा आहे. ग्रुपवर ते गुड मॉर्निंगच्या फुलांखाली कधीच गाडलं गेलं असतं.

तर ही लिस्ट चालवायचं काम माझ्याकडं, फुकटचं. मेलमन म्हणजे अशी लिस्ट चालवायचं फुकटचं सॉफ्टवेअर. आमचं जुनं मेलमन २ होतं, ते पायथन २ या प्रोग्रॅमिंग भाषेवर, आणि पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तरी मी चालतंय ना मग हात कशाला लावायचा म्हणत ढकललं. शेवटी सर्व्हर बदलायची वेळ आली तेव्हा मेलमन ३ टाकलं.

डेबियन लिनक्सवर टाकायचं म्हणलं तर एकच पॅकेज आहे, मेलमन३-फुल, ते सगळं ओढून आणतं. पण आत तीन वेगळ्या गोष्टी आहेत, मेल हाताळणारा कोअर, लिस्टच्या सेटिंगसाठी पोस्टोरियस, आणि अर्काइव्ह दाखवायला हायपरकिटी. जुनं मेलमन म्हणजे एकाच खोलीत चूल, देव्हारा आणि अंथरूण. नव्यात खोल्या तीन झाल्या, ऐसपैस झालं, पण मधल्या दारांच्या किल्ल्या आपणच बनवून घ्यायच्या. कोअरच्या बाजूला एक की, म्हणजे गुप्त पासवर्डसारखी अक्षरं, लिहायची आणि वेबच्या सेटिंगमध्ये तीच की लिहायची, दोन्ही जुळल्या नाहीत तर गंमत अशी होते की मेल सगळ्यांना व्यवस्थित जातात आणि अर्काइव्ह मात्र कोरं राहतं. माझी एक अख्खी रात्र यात गेली, कॉपी करताना शेवटचं एक अक्षर सुटलं होतं, बस. मेल वाया जात नाहीत म्हणा, स्पूल नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहतात आणि की बरोबर केली की आपोआप चढतात, हे मला आवडलं. दुसरं, वेबची बाजू ज्या जँगोवर चालते त्याच्या साइटच्या सेटिंगमध्ये नाव बदलायचं विसरलात तर तुमच्या डोमेनचं नाव कुठंच दिसणार नाही, सगळीकडं एक्झाम्पल डॉट कॉम. आमच्या पहिल्या दहा-बारा लोकांना तसंच गेलं, एकानं तर हे फ्रॉड आहे म्हणून सगळ्यांना सावध केलं.

रॅम मात्र नीट द्या. मी १ जीबीच्या मशीनवर घातलं होतं, दिवसातून एकदा तरी काहीतरी मरायचंच. २ जीबीवर आल्यापासून निवांत.

मराठीचं सांगायचं तर हा फरक पैसे वसूल आहे, म्हणजे पैसे नाहीतच लागत, पण तरी. जुन्या मेलमनमध्ये लिस्टची भाषा इंग्रजी ठेवली की डायजेस्टमध्ये, म्हणजे बरेच मेल एकत्र करून येणाऱ्या मेलात, मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं यायची, ओळीच्या ओळी. आता हायपरकिटीत काना-मात्रेसकट सगळं नीट दिसतं. जुन्या सगळ्या मेलांची एमबॉक्स फाइल इम्पोर्ट केली तेव्हा युनिकोडच्या आधीच्या फाँटातले मेल मात्र कचराच आले, त्याला कुणीच काही करू शकत नाही. आणि जुनं मेलमन दर एक तारखेला पगार आल्यासारखं पासवर्ड आठवणीचा मेल पाठवायचं, तो पण उघडा पासवर्ड लिहून. ते बंद झालं हे फार चांगलं झालं.

आता खरं दुखणं. आमचे एक रिटायर सर आहेत, कंधारला असतात, त्यांचा फोन म्हणजे माझा मॉनिटरिंग अलार्म. "अरे मेलच येईना गेलेत की चार दिवस झाले, मला काढलं का काय लिस्टमधून?" असा फोन आला की पहिलं काम मेल लॉग उघडायचं आणि मेल कुठल्या टप्प्यावर आहे ते बघायचं. पोस्टफिक्सनं, म्हणजे सर्व्हरवर मेल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या प्रोग्रॅमनं, घेतला का, पोर्ट ८०२४ वर मेलमनला दिला का, आणि मेलमननं परत पोस्टफिक्सला बाहेर पाठवायला दिला का. बाहेर जाताना अडकला असेल तर मेलक्यू ही कमांड मारली की कारणासकट दिसतं. पण एकदा असं झालं की लॉगमध्ये मेलमनला मिळाला असं स्वच्छ लिहिलेलं आणि पुढं काहीच नाही, क्यू रिकामी, जणू जमिनीनं गिळला. तो बसला होता शंट नावाच्या फोल्डरमध्ये. मेल उघडताना मेलमनला एरर आला की तो फेकून न देता तिथं टाकून ठेवतं. एकाच्या कुठल्याशा जुन्या अॅपनं हेडरमध्ये चुकीचं एन्कोडिंग लिहिलं होतं. कारण दुरुस्त करून अनशंट कमांड दिली की मेल पुन्हा रांगेत.

पण बाबांनो, अनशंट मारायच्या आधी शंटमध्ये काय काय पडलंय ते बघा. मी बघितलं नाही. त्या एका मेलाबरोबर चार महिन्यांपूर्वीची एका बॅचमेटच्या मुलीची लग्नपत्रिका अकराशे जणांना गेली, लग्न होऊन पोरगी सासरी नांदायलीय आणि इकडं लोक अभिनंदन करायलेत, दोघं तर मंगल कार्यालयाचा पत्ता विचारून मोकळे झाले.

दुसरं मोठं प्रकरण डीमार्कचं, म्हणजे आपल्या नावानं आलेल्या खोट्या मेलाचं काय करायचं हे डोमेनवाल्यानं जाहीर करायची पद्धत. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूनं जाहीर धोरण लावलं की आमच्या पत्त्यावरून आलाय असं म्हणणारा मेल तपासणीत नापास झाला तर सरळ नाकारा. लिस्टवाल्यांची तिथं पंचाईत होते, कारण आपण विषयात कंसात लिस्टचं नाव घालतो, खाली फुटर चिकटवतो, म्हणजे मेलावरची मूळ डीकेआयएमची डिजिटल सही मोडली, आणि मेल निघतो आपल्या सर्व्हरवरून म्हणजे एसपीएफ, कुठल्या सर्व्हरला त्या डोमेनचा मेल पाठवायची परवानगी आहे ती यादी, ते पण जुळत नाही. अशा पत्त्यावरून एकानं लिहिलं की तो मेल बाकीच्यांकडून परत यायला लागतो आणि ते बाऊन्स, म्हणजे परत आलेले मेल, लिहिणाऱ्याच्या नाही, घेणाऱ्याच्या नावावर चढतात. स्कोअर ५ झाला की त्याची डिलिव्हरी बंद. करतंय कोण आणि भोगतंय कोण. त्यावेळी आमचे तीनेकशे मेंबर असे गप बंद झाले होते आणि मला कळायला आठवडा लागला. मेलमन ३ मध्ये डीमार्क मिटिगेशन नावाचं पानच आहे, फ्रॉममध्ये लिस्टचा पत्ता टाका हा पर्याय निवडला की झालं. नावाच्या पुढं "व्हाया" लागतं म्हणून काही जण कुरकुरतात, कुरकुरू द्या.

बाकी त्रास मेलमनचा नाहीच. ज्या कंपनीकडून सर्व्हर घेतला त्यांनी बाहेर जाणारं पोर्ट २५, ज्यातून मेल दुसऱ्या सर्व्हरला जातो, ते बंद ठेवलेलं, उघडून घ्यायला नऊ दिवस तिकिटावर तिकीट. मग उलटं डीएनएस म्हणजे पीटीआर रेकॉर्ड, आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारं, ते आयपीव्ही४ च्या जुन्या पत्त्याला लावलं आणि आयपीव्ही६ च्या नव्या पत्त्याला विसरलो, त्यामुळं काही मेल जायचे काही परत. शेवटी पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापर म्हणून सांगितलं आणि विषय मिटवला. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही लागतं, आणि आपण कुठं एवढे मोठे असं वाटतं ना, तर आमचे जीमेलवाले सातशे, दिवसाला आठ मेल झाले की ५६०० झाले की. स्पॅमच्या तक्रारी पण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या असतात, आणि आपली माणसं लिस्ट सोडायची असली की खालची लिंक दाबायची सोडून स्पॅमचं बटण दाबतात.

कुणी घ्यावं? पन्नास-साठ माणसं असतील तर या भानगडीत पडू नका, तयार ग्रुप सेवा वापरा. जुनं अर्काइव्ह स्वतःच्या हातात पाहिजे, मेंबर शेकड्यांनी आहेत आणि लॉग वाचायचा कंटाळा नाही, तर यापेक्षा चांगलं फुकटात मला तरी दिसलं नाही. पाचपैकी चार. एक स्टार त्या किल्ल्यांच्या रात्रीसाठी कापला. हो, अटॅचमेंटसकट मेलाची मर्यादा ४० केबी असते, ती पहिल्याच दिवशी वाढवा, नाहीतर स्नेहसंमेलनाचे सगळे फोटो मॉडरेशनमध्ये, म्हणजे मंजुरीच्या रांगेत, तुंबतात.

परवा सरांचा फोन आलता. "आता यायलेत रे मेल, पण दोन-दोन यायलेत." बघितलं तर वाट बघून बघून त्यांनी नातवाकडून दुसऱ्या पत्त्यानं पण मेंबरशिप घेतली होती.