घरगुती स्क्रू तेलयंत्र: 'कोल्ड' बटणावर विसंबू नका

या यंत्रांची जाहिरात होते ती 'कोल्ड प्रेस' बटणाच्या जोरावर. प्रत्यक्षात ते दाबल्यावर बॅरलचा, म्हणजे स्क्रू ज्यात फिरतो त्या नळीचा, हीटर बंद राहतो, एवढंच. स्क्रूखाली बी भरडताना घर्षणाने तेल तापतंच. बाहेर पडणाऱ्या धारेत थर्मामीटर धरा. ५० अंश सेल्सिअसच्या आत असेल तर उत्तम. ७०च्या पुढे गेलं तर पेंड, म्हणजे तेल निघून उरलेला चोथा, जिथून बाहेर पडते त्या तोंडाचा बोल्ट थोडा सैल करा. तेल जरा कमी निघेल, पण वास आणि चव टिकेल. हा बोल्ट नसलेलं मॉडेल घेऊच नये.

खरा खेळ बियांतल्या ओलाव्याचा. तो ५ ते ७ टक्के हवा. जास्त झाला तर पेंडीऐवजी लगदा होतो, स्क्रू नुसताच फिरतो आणि बॅरल तुंबतं. फार कमी असेल तर बियांचा भुगा होतो, यंत्र तापतं आणि तेलात गाळ वाढतो. बी कोरडं वाटलं तर किलोला २० मिली पाणी शिंपडून, हलवून, बंद डब्यात रात्रभर ठेवा.

शेंगदाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असतं. किलोमागे ३५०-४०० मिली मिळालं तर यंत्र चांगलं समजा. बाकीचं पेंडीत जातं. कारखान्यात हेक्झेन या द्रावकाने तेल काढलं की पेंडीत १ टक्क्याहूनही कमी उरतं, पण तेलाबरोबर फॉस्फोलिपिड (डिंकासारखे चिकट मेद) आणि रंगही उतरतात. म्हणून पुढे रिफायनिंग आलं. त्यात २०० अंशांवर वास काढताना टोकोफेरॉलही (व्हिटॅमिन ई) काही प्रमाणात जातं. तरीही सतत तळणासाठी रिफाइंडच सोयीचं, कारण ते उशिरा धुरावतं. घाण्याच्या तेलाचा आग्रह तिथे धरू नये.

जवस मात्र थोडंथोडंच काढा. त्यातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल (एक ओमेगा-३ मेदाम्ल) हवेने, उजेडाने पटकन खवट होतं. गडद काचेची बाटली गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवा. कोणतंही तेल दोन दिवस निवळू द्या, मग वरचं अलगद ओतून सुती कापडातून गाळा. तळाच्या गाळात पाणी आणि एन्झाइम असतात, तो राहिला तर आम्लता वाढते.

काम संपल्यावर स्क्रू कोमट असतानाच काढा. थंड झालेली पेंड दगडासारखी घट्ट बसते आणि ती ठोकून काढताना स्क्रूच्या कडा जातात.