हेपजी२ की ताज्या यकृतपेशी? रेडॉक्स आणि ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचा प्रयोग आखताना

पीएचडीसाठी ‘यकृतपेशींतल्या रेडॉक्स स्थितीचा (म्हणजे ऑक्सिडीकरण आणि क्षपण यांच्या तोलाचा) ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरवर, म्हणजे कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं पकडून जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनावर, होणारा परिणाम’ असा विषय नक्की झाला की दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. पेशी कोणत्या वापरायच्या आणि रेडॉक्स हलवायचा कशाने? बहुतेक जण रसायनांची यादी करण्यात वेळ घालवतात. माझ्या मते आधी पेशी आणि त्यांचं मीडियम (पेशी वाढवण्याचं पोषक द्रावण) ठरवावं, कारण निकाल तिथेच फिरतो.

या रिसेप्टरमध्ये सिस्टीन हे अमिनो आम्ल भरपूर ठिकाणी आहे, आणि त्याच्या थायॉल गटांवर (सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या गंधक-हायड्रोजन गटांवर) तीन ठिकाणी काम अडतं. पहिलं ठिकाण संप्रेरक पकडण्याचं. रॅटच्या यकृताच्या अर्कात रिसेप्टरची ही क्षमता टिकवणारा, उष्णतेने न बिघडणारा घटक म्हणजे थायोरेडॉक्सिन (थायॉल गट क्षपित ठेवणारं छोटं प्रथिन), हे संशोधक विल्यम प्रॅट यांच्या गटाने १९८३ ते १९८५ या काळात दाखवलं. दुसरं ठिकाण केंद्रकात शिरण्याचं. मानवी रिसेप्टरमधलं ४८१ क्रमांकाचं सिस्टीन बदलून तिथे सेरीन घातलं, तर ऑक्सिडीकारक वातावरणातही तो केंद्रकात जातो, असं १९९९ मध्ये एका जपानी गटाने दाखवलं. तिसरं डीएनएला चिकटण्याचं. तिथे दोन जस्त-आयन आहेत आणि प्रत्येकाला चार सिस्टीन धरून असतात. तुमचा प्रश्न या तिघांपैकी नेमका कोणत्या टप्प्याचा आहे, हे गाइडने विचारण्याआधी स्वतःला विचारा.

आता पेशी. हेपजी२ ही मानवी यकृतगाठीपासून बनवलेली पेशी स्वस्त, सहज वाढणारी आणि पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या पेशीसंग्रहातून मिळणारी. पण ही गाठीची पेशी आहे, यकृताची बरीच कामं ती विसरलेली आहे. तिचा अंगचा रिसेप्टर बेताचाच असतो, म्हणून अनेक गट रिसेप्टरचं जनुक बाहेरून घालतात. रेडॉक्सच्या प्रश्नात इथेच गोची होते: रिसेप्टर अतोनात वाढवला आणि थायोरेडॉक्सिन तेवढंच राहिलं, तर तुम्ही नैसर्गिक प्रमाण मोडूनच सुरुवात केलेली असते. केंद्रकप्रवेश सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा असेल तर हे चालून जाईल, यकृतातल्या नियमनाबद्दल बोलायचं असेल तर नाही.

ताज्या पेशी प्राण्याच्या यकृतातून कोलाजिनेज या विकराने वेगळ्या कराव्या लागतात, प्राणी-नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, हात बसायला वेळ जातो. शिवाय वेगळ्या करतानाच ग्लुटाथायोन (पेशीतला मुख्य थायॉल-रेणू) घटतं, म्हणून प्रयोग सुरू करण्याआधी ते मोजून पूर्ववत झाल्याची खात्री करावी. काही दिवसांत या पेशी आपली ओळखही गमावू लागतात. ती टिकावी म्हणून बहुतेक मीडियममध्ये डेक्सामेथासोन हे कृत्रिम ग्लुकोकॉर्टिकॉइड घातलेलं असतं, आणि ते तर आपल्याच रिसेप्टरचं संप्रेरक! शंभर नॅनोमोलर डेक्सामेथासोनमध्ये रात्रभर ठेवलेल्या पेशींना सकाळी ‘संप्रेरक दिलं’ असं म्हणण्यात अर्थ नाही. ते आधी काढून घ्यावं लागतं, आणि काढल्यावर पेशी किती वेळ चांगल्या राहतात हेही पाहावं लागतं. हेपाआरजी ही यकृताची जास्त कामं टिकवणारी मानवी पेशी घेतली तरी सुटका नाही: तिच्या मीडियममध्ये हायड्रोकॉर्टिसोन हेही ग्लुकोकॉर्टिकॉइडच असतं आणि वर २ टक्के डीएमएसओ हे द्रावक.

तिसरा पर्याय लोक विसरतात. एचटीसी किंवा एच४आयआयई या रॅटच्या यकृतगाठीच्या पेशींमध्ये डेक्सामेथासोन दिलं की टायरोसिन अमिनोट्रान्सफरेज हे विकर वाढतं. हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे, आणि यात रिसेप्टर त्यांचा स्वतःचाच असतो. पहिल्या वर्षासाठी मी यांनाच मत देईन.

कोणत्याही पेशी घेतल्या तरी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, सेलेनियम. थायोरेडॉक्सिन रिडक्टेज (थायोरेडॉक्सिनला पुन्हा क्षपित करणारं विकर) आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज (ग्लुटाथायोन वापरून पेरॉक्साइड संपवणारं विकर) या दोघांना ते लागतं. सिरम कमी केलं आणि सेलेनियम घातलं नाही, तर तुम्ही नकळत रेडॉक्सचाच प्रयोग सुरू केलेला असतो. दुसरी, ऑक्सिजन. यकृतात प्रवेशशिरेजवळ (रक्त आत येतं तिथे) त्याचा दाब ६० ते ६५ मिमी पारा आणि मध्यशिरेकडे (रक्त बाहेर जातं तिथे) ३० ते ३५ इतका असतो. साधा इन्क्युबेटर मात्र हवेतला ऑक्सिजन देतो, म्हणजे साधारण दुप्पट-चौपट.

रसायनांचं थोडक्यात. हायड्रोजन पेरॉक्साइड सर्वांच्या हाताशी असतं, पण यकृतपेशींमध्ये त्याचं विघटन करणारं कॅटलेज हे विकर भरपूर असल्याने ते पटकन संपतं. मात्रा देऊन तासाभराने मोजलं तर काय मोजलं हेच कळत नाही. सतत थोडं थोडं हवं असेल तर ग्लुकोजपासून पेरॉक्साइड बनवणारं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर बरं. डीटीटी हे क्षपणकारक अर्कासाठी उत्तम, जिवंत पेशींत नको: ते अंतर्द्रव्यजालिकेत प्रथिनांच्या घडणीचा गोंधळ करतं आणि जस्तही धरतं. एन-असिटिल सिस्टीन हे क्षपणकारक सौम्य आहे, पण द्रावण आम्लधर्मी होतं, पीएच ७.४ ला आणल्याशिवाय पेशींवर घालू नका.

माझी निवड बीएसओ आणि ऑरॅनोफिन या जोडीवर पडते. बीएसओ ग्लुटाथायोनची निर्मिती थांबवतं, परिणाम दिसायला काही तास ते एक दिवस लागतो. ऑरॅनोफिन थायोरेडॉक्सिन रिडक्टेजला अडवतं. दोन्ही वेगवेगळे देऊन पाहिले, तर रिसेप्टर कोणत्या व्यवस्थेवर जास्त अवलंबून आहे हे उलगडू लागतं. ‘ऑक्सिडेटिव्ह ताण दिला’ एवढ्या मोघम वाक्यापेक्षा ते कितीतरी उपयोगी. ऑरॅनोफिनमधलं सोनं सिस्टीनलाच चिकटतं, म्हणून ते रिसेप्टरवर थेट बसत नाही ना, याचा नियंत्रण-प्रयोग हवाच.

मोजणीत डीसीएफडीए या ऑक्सिडीकरणाने चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या हिरव्या चमकीवर प्रबंध उभा करू नका, ती कशाकशाने चमकते याला धरबंध नाही. ग्लुटाथायोनच्या स्थितीसाठी जीआरएक्स१-रोजीएफपी२ हा पेशीतच बनणारा चमकणारा प्रथिन-संवेदक दोन तरंगलांबींचं गुणोत्तर देतो, त्यामुळे संवेदक कमी-जास्त बनला तरी आकडा तितका ढळत नाही. रिसेप्टरच्या कामासाठी ल्युसिफरेजऐवजी (जनुक चालू झाल्याची खूण म्हणून बाहेरून घातलेल्या, प्रकाश देणाऱ्या विकराऐवजी) वर सांगितलेल्या अमिनोट्रान्सफरेजचा एमआरएनए मोजावा. ल्युसिफरेजला एटीपी हा पेशीतला ऊर्जा-रेणू लागतो, आणि ताणात एटीपी उतरलं की रिसेप्टर ठीक असूनही आकडा पडतो.

वेळ आणि परवानगी दोन्ही असतील तर एच४आयआयईमध्ये मात्रा आणि वेळा बसवून घ्या, आणि शेवटचे मोजके प्रयोग ताज्या पेशींत करा. परवानगी मिळणार नसेल, तर शीर्षकातून ‘यकृतपेशी’ काढून ‘यकृतगाठीच्या पेशी’ लिहा. परीक्षकही तेच सुचवतील.