टेपर अटॅचमेंट, आठ महिन्यांनी: डिग्रीची पट्टी निव्वळ शोभेची

जूनमध्ये लेथला टेपर अटॅचमेंट बसवलं, म्हणजे टूल तिरकं चालवून टेपर (निमुळता उतार) कापायची जोडणी, 18,000 रुपये मोजून. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. आमचं काम कुपवाडला; तासगावकडच्या बागायतदारांचे निपल (बाहेरून आटे पाडलेले पाइपाचे छोटे तुकडे), अडॅप्टर, फिल्टरचे जोड. बहुतेक एक इंची बीएसपी टेपर (पाइपाच्या निमुळत्या आट्यांचं ब्रिटिश माप), इंचाला 11 आटे. साध्या पाइपाचं डायने (आटे पाडायच्या दातेरी हत्याराने) भागतं, पण स्टेनलेसचे नग आले की डायचे दात जातात.

आधी टेलस्टॉक (जॉबचं मागचं टोक धरणारा लेथचा भाग) सरकवून करायचो. 250 मिमीच्या जॉबला 7.8 मिमी सरकवा, पोकळ असेल तर आत घालायला मँड्रेल (दांडा) करा, संध्याकाळी सेंटर परत जुळवा. लांबी बदलली की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. त्या कटकटीपायी हे घेतलं.

ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत पहिलं गाऱ्हाणं आलं. "मालक, टेफ्लॉनचं रीळ संपलं, पण गळायचं थांबंना." निपल मागवून सॉकेट चढवून बघितलं. एक इंचीला हाताने साडेचार आट्यांच्या आसपास घट्ट व्हायला पाहिजे. हा टोकाला धरायचा आणि मागे डुलायचा.

मग डायल (बारीक सरक मोजणारं घड्याळ) लावला. चकात सरळ बार धरून सॅडल (टूल लांबीत नेणारा भाग) 100 मिमी चालवलं, तर क्रॉस स्लाइड (टूल आडवं नेणारा भाग) 3.125 मिमी सरकायला हवी. व्यासावर 1:16 म्हणजे एका अंगाला 1:32. सुई 2.60 वर थांबली. अटॅचमेंटच्या डिग्रीच्या पट्टीवर मात्र काटा पावणेदोन अंशांच्या जरा पुढे, 1 अंश 47 मिनिटांच्या जागी, ऐटीत उभा! फोन केला. उत्तर आलं, "साहेब, पट्टी अंदाजासाठी असते." अहो, मग पैसेही अंदाजानेच घ्यायचे होते. तीन फोन, एक व्हिडिओ, आणि शेवटी कुरिअरने काय आलं? दुसरी पट्टी. तीच, फक्त चकचकीत.

डायलवर सेट केल्यावरही पहिले एक-दोन आटे सरळच यायचे. त्याचाही राग कंपनीवर काढला, पण तिथे चूक माझी होती. अटॅचमेंटच्या सरकत्या ठोकळ्यात थोडी ढिलाई असतेच; ती निघेपर्यंत टूल सरळ चालतं. मी टूल जॉबच्या तोंडाशी आणून हाफ नट (आटे पाडताना सॅडल चालवणारी पकड) टाकत होतो. आता दर कटला 15 मिमी अलीकडून सुरू करतो. पहिल्या आट्यापासून टेपर येतो, खर्च शून्य. दिवाळीत लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्याच लिहिल्या असत्या.

मधे अर्ध्या इंचीचा एक जोड गळला. व्हॉल्व्ह एनपीटी (अमेरिकन मापाच्या आट्यांचा) निघाला. दोन्हींना इंचाला 14 आटे, म्हणून आत जातो, पण आट्याचा कोन बीएसपीचा 55 अंश, एनपीटीचा 60. त्याचं पाप अटॅचमेंटच्या माथी मारत नाही.

डिसेंबरपासून एकही निपल परत आलेला नाही. डायलने जुळवलेल्या जागी गाइड बारवर (अटॅचमेंटच्या कोन ठरवणाऱ्या दांड्यावर) रेघ कोरून ठेवली आहे. जुनी पट्टी कूलंटने सुटून पडली. नवी खोक्यात तशीच आहे, कुणाला हवी असेल तर घेऊन जा. कुरिअरचा खर्च तुमचा.