अंतराळाच्या गोधडीसाठी मंगळदास मार्केट

आमच्या सोसायटीतील मुलांच्या वाचनखोलीसाठी वीस जणांनी मिळून शिवायला घेतलेली अंतराळाची गोधडी गेल्या महिन्यात पूर्ण होऊन भिंतीवर लागली. तिचे जवळजवळ सगळे कापड मुंबईतल्या मंगळदास मार्केट या कापडबाजारातून आणलेले आहे. कुर्त्याचे किंवा पडद्याचे कापड घेणे वेगळे आणि वीस घरांत वाटले जाऊन पुन्हा एका गोधडीत शेजारी शेजारी बसणारे कापड घेणे वेगळे; या दुसऱ्या कामासाठी हा बाजार कसा पडतो, हे कुठे लिहिलेले मला मिळाले नव्हते, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

गोधडी सॅम्पलर पद्धतीची आहे, म्हणजे तिच्यातील प्रत्येक चौकोन निराळ्या नमुन्याचा असून तो प्रत्येकाने आपापल्या घरी शिवून दिलेला आहे. ही कल्पना सुचली ती कॅरन नायबर्ग या अमेरिकी अंतराळवीर स्त्रीमुळे. 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहत असताना त्यांनी ताऱ्याचा एक चौकोन शिवला आणि पृथ्वीवरच्या शिवणाऱ्यांनी तसेच नऊ इंची तारे शिवून पाठवावेत, असे आवाहन केले. दोन हजारांहून अधिक चौकोन आले आणि ते जोडून 2014 मध्ये ह्यूस्टनच्या गोधडी महोत्सवात मांडले गेले. स्थानकावर त्यांना सर्वांत अवघड गेले ते कापड कापणे, कारण ते टेबलावर पसरून ठेवताच येत नव्हते, हवेत तरंगत राहत होते. सुळसुळीत मलमल ज्यांनी कधी सरळ रेषेत कापली आहे, त्यांना या अडचणीची कल्पना लगेच येईल.

आम्ही बारा इंची चौकोन ठरवले, चार आडवे आणि पाच उभे, मध्ये दोन इंचांच्या पट्ट्या आणि सभोवार चार इंचांची किनार. म्हणजे तयार माप 62 बाय 76 इंच. नियम फक्त दोन होते: विषय आकाशातला हवा आणि मागची जमीन काळी हवी. काळे कापड ज्याने त्याने घरातलेच वापरावे, असे आम्ही सांगितले आणि तेथेच चूक झाली. पहिले आठ चौकोन आले, ते माझ्या घरी फरशीवर मांडले, आणि आठही काळे निराळे निघाले. एकाचे कापड जुन्या छत्रीसारखे करडे पडलेले, एकाचे साटीनसारखे चमकणारे, एकाचे शाळेच्या फळ्यासारखे हिरवट. चौकोन एकेकटे पाहिले तर सुरेख होते, पण एकत्र ठेवल्यावर आकाश दिसेना, ठिगळे दिसू लागली. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एलन हार्डिंग बेकर यांनी सूर्यमालेची जी गोधडी केली, जिच्यावर 1876 हे साल आहे आणि जी आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, तिचे छायाचित्र मी पुन्हा काढून पाहिले. खगोलशास्त्रावरील व्याख्यानांत त्या ती गोधडी समोर लावून विषय समजावून देत असत. सूर्य, ग्रहांच्या कक्षा आणि धूमकेतू हे सगळे तेथे एकाच गडद लोकरी कापडावर आहे. चित्रे कितीही जणांची असोत, आकाश एकाच थानातले हवे, हे त्या दिवशी पक्के झाले.

मंगळदास मार्केट क्रॉफर्ड मार्केटपासून चालत काही मिनिटांवर, जामा मशिदीच्या शेजारी आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून किंवा मरीन लाइन्सवरून पायी जाता येते. रविवारी बाजार बंद असतो. आत ओळीने गल्ल्या आहेत, वर छप्पर आहे, आणि छोट्या छोट्या गाळ्यांतून छतापर्यंत थाने रचलेली असतात. पावसाळ्यात हे छप्पर मोठा आधार देते, परंतु रंग पारखणाऱ्याला तेच छप्पर अडचणीचे ठरते, कारण आत सगळा उजेड दिव्यांचा असतो. दुपारनंतर गर्दी इतकी होते की थान उलगडून बघायला जागा मिळत नाही. सकाळी दुकाने उघडतात त्या सुमारास गेले तर दुकानदाराला बोलायला वेळ असतो, आणि आमचे काम बोलल्याशिवाय होणारे नव्हते.

एका गाळ्यात मी काळे सुती कापड मागितले, तेव्हा तिथल्या शेठनी आधी विचारले, "कशासाठी ताई? अस्तराला की वरून घालायला?" गोधडीसाठी, आणि वीस जणांत वाटायचे आहे, असे सांगितल्यावर त्यांनी घट्ट विणीचे पॉपलिन बाजूला सारले आणि केंब्रिक या मऊ, हलक्या सुती कापडाची तीन थाने काढली. दिव्याखाली तिन्ही काळीभोर, मला त्यांत तिळमात्र फरक दिसेना. शेठनी मुलाला हाक मारली, तिन्ही थानांची टोके त्याच्या हातात दिली आणि मला त्याच्याबरोबर गल्लीच्या तोंडाशी पाठवले. तेथे रस्त्यावरच्या उन्हात त्याने टोके एकावर एक पाकळ्यांसारखी पसरली. एकाला तांबूस झाक होती, दुसऱ्याला हिरवट, आणि तिसरे काळे निळसर उतरत होते, अमावस्येला कोकणातल्या अंगणातून दिसते तसे. काळा रंग दोन-तीन रंगद्रव्यांच्या मिश्रणाने साधलेला असतो आणि कृत्रिम उजेडात त्या मिश्रणातला फरक झाकला जातो, हे मला ठाऊक होते. पण ते डोळ्यांनी पाहण्याची वेळ प्रथमच आली. निळसर कापड ठरले. आमच्या कामाला या बाजाराचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो येथेच. तीन थाने उन्हात नेऊन दाखवण्याची तयारी उपनगरातल्या चकचकीत दुकानांत मला क्वचितच आढळली आहे.

तरीही मी त्या दिवशी फक्त अर्धा मीटर घेतला. आमच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, ज्यांची उमर परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, गेली. त्यांनी ते कापड बोटांत चोळले, उजेडाकडे धरून उभे-आडवे धागे पाहिले आणि खळ जास्त आहे, धुतल्याशिवाय कापू नका, असे बजावले. मी त्यावर 50 सेंटिमीटरचा चौकोन शिवणखडूने न आखता दोऱ्याने टाके घालून आखला, पांढऱ्या रुमालाबरोबर कोमट पाण्यात दोनदा धुतला आणि सावलीत वाळवला. चौकोन उभ्या धाग्यात दीड सेंटिमीटर आटला, आडव्यात जेमतेम अर्धा. पहिल्या धुण्यात रुमालाला किंचित राखाडी रंग लागला, दुसऱ्यात लागला नाही. आटण्याचा हा हिशेब धरला नसता तर तयार गोधडी पहिल्याच धुण्यात उंचीला दोन इंचांहून अधिक आखडली असती आणि तारे चुरगळले असते. दोन दिवसांनी मी परत गेले तेव्हा शेठनी तेच थान चिठ्ठी लावून बाजूला ठेवलेले होते. त्यासाठी त्यांनी माझ्याकडून आगाऊ पैसे घेतले नव्हते, याची मी मुद्दाम नोंद करते.

खरेदी अशी झाली: 44 इंच पन्ह्याचे काळे केंब्रिक 13 मीटर, त्यात प्रत्येकाला अर्ध्या मीटरप्रमाणे 10, मधल्या पट्ट्यांना 1, किनारीला 1 आणि शिल्लक 1, पाठीमागच्या अस्तरासाठी त्याच पन्ह्याचे फिके निळे सुती 5 मीटर. अस्तर एका पन्ह्यात बसत नाही, मधोमध एक जोड द्यावाच लागतो, हे आधी लक्षात घ्यावे.

ताऱ्यांच्या कापडासाठी मी पुढच्या गल्ल्यांत फिरले, आणि येथे मला बाजाराने थक्क केले. बांधणीचे ठिपके म्हणजे दूरच्या आकाशगंगा, हे कोणालाही सुचेल. पण एका गाळ्यात अजरखच्या, म्हणजे ठशांनी छापलेल्या कापडाच्या, ढिगाऱ्यात गेरू आणि निळीच्या पट्ट्यांचा एक तुकडा असा सापडला की त्यातून गुरूचे पट्टे जसेच्या तसे कापून घेता आले, आणि त्यावरच्या एका गेरू फुलाच्या जागी गुरूवरचा तांबडा डाग बसला. शनीच्या कड्यांसाठी जरीची बारीक पट्टी हवी होती, ती मात्र भुलेश्वरला मिळाली. छापील आणि निळीत रंगवलेले कापड घेताना प्रत्येक ठिकाणी रंग जातो का, असे मी विचारले. एका दुकानात छातीठोकपणे नाही म्हणून सांगितलेले निळे कापड घरी बादलीभर पाणी निळे करून गेले. ते चौकोन शिवण्याआधी कळले म्हणून निभावले. नाहीतर शेजारच्या घरातून आलेला पांढरा चंद्र निळा झाला असता. सामायिक गोधडीत एकाचे न धुतलेले कापड दुसऱ्याचे महिन्याभराचे काम खराब करू शकते, म्हणून आम्ही वाटपाआधी सगळे कापड एकाच घरी धुऊन, इस्त्री करून, मगच पुड्या बांधल्या.

दोन-तीन गोष्टींसाठी मात्र येथे जाण्यात अर्थ नाही. रोटरी कटर (कापड कापायचे गोल फिरते पाते), त्याची चटई, पाव इंचाची खूण असलेला मशीनचा पाय ही साधने या गल्ल्यांत मला मिळाली नाहीत. मधल्या थरासाठी मला जे दाखवले गेले ते सोफ्याच्या कामाचे जाड पॉलिएस्टर होते. मुंबईच्या हवेत तसला थर असह्य होतो, आणि भिंतीवरून उतरवून मुले ती गोधडी अंगावर घेणार हे उघड होते. शेवटी आम्ही मध्ये घातली ती सासूबाईंची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती नऊवारी, दुहेरी करून. गोधडीच्या पोटात लुगडे असते, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही.

चौकोन परत येऊ लागले तेव्हा मापांचा प्रश्न उभा राहिला, आणि त्यात कापडाचा काहीच दोष नव्हता. शिवण पाव इंचाची ठरली होती, म्हणून बारा इंची चौकोन कडेच्या शिवणीची जागा धरून साडेबारा इंचांचा यायला हवा होता. तीन तुकड्यांच्या ओळीत दोन शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंना इंचाचा सोळावा भाग जरी जास्त दबला, तरी चौकोन पाव इंचाने लहान येतो. साडेबाराऐवजी सव्वाबारा इंचाचे पाच चौकोन आले. त्यांना सभोवार त्याच काळ्या कापडाची अरुंद पट्टी लावून मग साडेबारावर छाटले. जमीन एकाच थानातली असल्यामुळे जोड दिसतही नाही. आठ टोकांच्या ताऱ्यांचे त्रिकोण कापताना काहींच्या कडा उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या, आल्या आणि इस्त्री फिरवताना ताणल्या गेल्या. असे चार चौकोन नव्याने करावे लागले. आर्यभट उपग्रहाचा चौकोन त्यांतलाच एक. 1975 मध्ये उडालेल्या त्या उपग्रहाला 26 पृष्ठे होती, आणि समोरून दिसणारी तेवढी निळ्या-जांभळ्या तुकड्यांनी जोडायची असे एका काकूंनी ठरवले होते. पहिल्या खेपेला तो कागदी कंदिलासारखा फुगला, दुसऱ्या खेपेला त्यांनी प्रत्येक तुकड्याला आधी भाताची पेज लावून कडक केले आणि मग कापले. आज तो सगळ्या गोधडीत सर्वांत सपाट बसलेला आहे. बाकीच्या चौकोनांत आहेत चार पायांवर उभे असलेले चांद्रयान-3 चे विक्रम, मृग नक्षत्र आणि त्यामागे व्याध, कृत्तिकांचा पुंजका, सप्तर्षींमध्ये वसिष्ठाला बिलगलेली अरुंधती भरतकामातल्या एका फ्रेंच गाठीएवढी. आणि एक चौकोन नुसता काळा, अमावस्येचा, ज्याच्यावर काळ्याच दोऱ्याने चंद्राचे वर्तुळ धावदोऱ्यात घातलेले आहे. तो चौकोन साडेनऊ वर्षांच्या मुलाचा आहे.

तिन्ही थर एकत्र शिवण्याचे काम आम्ही आधी मशीनवर करून देणाऱ्या एका ठिकाणी सोपवणार होतो. नमुन्यासाठी दिलेल्या तुकड्यावर त्यांनी इतकी दाट नक्षी घातली की कापड रेक्झिनसारखे ताठ झाले, आणि विरळ नक्षीला ते तयार नव्हते. मग दर शनिवारी दुपारी सहा-सात जणी सोसायटीच्या सभागृहात सतरंजीवर बसलो आणि हाताने धावदोरा घातला. माझी आई कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्या घेत मध्यापर्यंत जात असे. आम्ही मध्यावरच्या सूर्यापासून निघालो आणि गोल फेऱ्या घेत बाहेर आलो, ग्रहांच्या कक्षांप्रमाणे. केंब्रिकमधून सुई विनातक्रार जाते. पॉपलिन घेतले असते तर त्याच्या घट्ट विणीत बोटे सोलवटली असती, हे पहिल्याच शनिवारी कळले आणि शेठनी ते थान आपणहून का बाजूला सारले, याचाही उलगडा झाला.

चार चौकोन पुन्हा केल्यामुळे शिल्लक मीटर संपला आणि किनारीचाही गेला. म्हणून तीन महिन्यांनी मी उरलेला तुकडा पर्समध्ये घालून पुन्हा त्याच गाळ्यात गेले. शेठनी तुकडा पाहिला, नव्या थानाचे टोक घेतले आणि या वेळी मुलाला न पाठवता स्वतः माझ्याबरोबर उन्हात आले. दोन्ही शेजारी धरून त्यांनी मान हलवली. "हा दुसरा लॉट आहे ताई, तुमच्या कामात दिसून येईल. मी देणार नाही." त्यांनी दिला असता तर मी कदाचित घेतलाही असता, इतकी मी घाईत होते. त्यांनीच मग गर्द निळे केंब्रिक काढले, तुकड्याला लावून दाखवले, आणि दीड मीटर कापून दिले. आमच्या गोधडीची किनार त्या निळ्या कापडाची आहे.